हसायचं, हसवायचं नाही

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता टाचणीने माईक नाकारला.

कवळ्या आणि कृत्रिम दात बनवणाऱ्यांच्या संघटनेचा वार्षिक मेळावा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता, आणि त्याचं सूत्रसंचालन गेली काही वर्षं तीच करत आली होती. लॅबचे मालक तिच्या टेबलाशी आले, तेव्हा ती मेणात रोवलेले पुढचे दात गरम सुरीने एका रांगेत आणत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेब, या वेळी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"कुणाला?"

"खजिनदार आहेत की."

"खजिनदार!" मालकांनी स्टूल ओढून बसकण मारली. "मागे एकदा दिला होता त्यांना माईक. लोक जेवायचं सोडून घरी गेले. केटरर मला बाजूला घेऊन विचारतो, साहेब, कुणी गेलं का?"

टाचणीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं आणि वरून बाटलीतलं पाणी प्यायली. मालक वाट बघत थांबले, मग उठले. इतकी सोपी चेंडूफेक करूनही ही मुलगी गप्प बसते म्हणजे तिला नक्की बरं नाही, असं त्यांनी पलीकडच्या टेबलावर जाऊन सांगितलं.

पाण्याची युक्ती मावशीची होती. आई लहानपणीच गेल्यामुळे टाचणीला मावशीने वाढवलं होतं, आणि टाचणी हे नावही तिनेच ठेवलं होतं. घरी कुणी फुगून आलं की ही पोर एका वाक्यात हवा काढायची. तेव्हा मावशीला त्याचं कौतुक होतं. पोर लग्नाची झाली तसं कौतुक मागे पडलं आणि काळजी पुढे आली.

मावशीचा सल्ला प्रेमाचाच असायचा. पगार किती विचारलं तर आकडा सांगू नको, पुरतो म्हण. बघायला आलेला मुलगा चुकीचं बोलला तरी मान हलव, त्याचं त्याला कळतं नंतर. स्वतःहून फोन करू नको, पण त्याचा आला की पहिल्या घंटीला उचलू नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "पोरी, हसायचं. हसवायचं नाही. जी मुलगी हसवते तिचे पुरुष दोस्त होतात. जी हसते तिच्याशी लग्न करतात."

"आणि हसवावंसं वाटलंच तर?"

"घोटभर पाणी प्यायचं. निघून जातं."

हा सगळा सल्ला मागच्या रविवारी मावशीच्या घरी कसाला लागला. मावशीने एका चष्मेवाल्याला त्याच्या आईसकट जेवायला बोलावलं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. बोलणं मऊ होतं, आणि दार उघडणाऱ्या काकांच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या, चष्म्याची काडी वाकडी आहे हे त्याला उंबऱ्यातच दिसलं; बूट काढायच्या आधी त्याने ती सरळ करून दिली. टाचणीला तो आवडला. सगळी अडचण तिथेच होती. आवडला नसता तर ती मनसोक्त बोलली असती.

जेवताना तो म्हणाला, "आमच्याकडे परवा एक बाई आल्या. नवा चष्मा लावून आरशात बघितलं आणि म्हणाल्या, नंबर चुकलाय तुमचा, मी इतकी म्हातारी नाहीये."

सगळे हसले. टाचणीही ठरल्याप्रमाणे हसली.

मग तो तिच्याकडे वळला. "कवळ्या हल्ली मशीनच करतात ना सगळ्या? तुम्हाला फक्त बटण दाबायचं."

तिच्या बोटांना त्या आठवड्याचे चटके होते. जिभेवर आलं, हो, मशीनच करतं, ते आत्ता तुमच्यासमोर बसून भात खातंय. तिने मान हलवली आणि ग्लास उचलला. जेवण संपेस्तोवर तिने एकटीने पाण्याचा जग रिकामा केला होता, आणि दोनदा "आलेच हं" म्हणून उठावं लागलं ते वेगळंच.

पण त्या जेवणात तिला आणखी एक गोष्ट दिसली. चष्मेवाला आरशातल्या बाईचं सांगत होता, तेव्हा टेबलाच्या पलीकडे मावशीचा हातही ग्लासाकडे गेला होता. काका वाफेच्या इंजिनाबद्दल बोलले, तेव्हाही गेला. चष्मेवाल्याची आई म्हणाली की आमचा मुलगा घरात इकडची काडी तिकडे करत नाही, पण मनाने फार चांगला आहे, तेव्हा तर मावशीने दोन घोट घेतले. मावशीला चारचौघांत तहान फार लागते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काकांनी त्यापायी तिची साखर दोनदा तपासून आणली होती. काही निघालं नव्हतं.

चष्मेवाल्याला शनिवारच्या मेळाव्याचं निमंत्रण मावशीनेच दिलं. तुझ्या कामाची माणसं बघेल, म्हणाली. आणि तो गेल्यावर टाचणीला, "स्टेजवर मात्र चढू नकोस बाई. चारशे लोकांना हसवणारी सून कुणाला झेपेल?"

म्हणून शुक्रवारचा तो नकार. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. एका आजीबाईंची पुढची दंतपंक्ती तिने इतकी सरळ लावली की मालक म्हणाले, ही काय कवळी आहे की कुंपण? संध्याकाळी ती लॅबमधून सुटली ती आपल्या खोलीवर न जाता थेट मावशीकडे गेली. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मावशी ओट्याशी भाजी निवडत होती.

"मावशी, खरं सांग. रविवारी तो चष्म्याचं बोलत होता तेव्हा तुझ्या तोंडात काय आलं होतं?"

"घास."

"मावशी."

"काही नाही गं. उगाच काहीतरी."

"सांग ना. मी पाणी देऊ का?"

मावशीने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे मला पहिल्यांदा भेटायला आले ना, तेव्हा चष्मा घरी विसरले होते. मी पसंत पडले. दुसऱ्या दिवशी चष्मा सापडला. तो लावून जे पेपरात डोकं घातलं, ते अजून वर केलेलं नाही. घाबरत असतील बिचारे. वर बघितलं आणि चूक कळली तर?"

टाचणी आधी ओट्याला धरून हसली, मग खाली फरशीवरच बसली. सांगितलं होतं ते मान तिरकी ठेवून, पालक निवडता निवडता, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. हे शिकवून येत नाही. तिला स्वतःला स्टेजवर हे जमायला वर्ष लागलं होतं.

"काय चाललंय?" बाहेरून काका.

"काही नाही हो," मावशी लगेच म्हणाली, "टाचणीने चष्म्यावरून काहीतरी सांगितलं."

काका दारात आले. "आम्हालाही कळू दे की."

टाचणीने सांगितलं, जसंच्या तसं. काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "टाचणे, अवघड आहेस तू. मलाच टोचतेस होय!"

मावशी पालकाची देठं गोळा करत होती. तिचा विनोद तिच्याच घरात तिच्याच नवऱ्याला हसवत होता, आणि शाबासकी भाचीला मिळत होती. टाचणीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे राग असता तर बरं वाटलं असतं. होती ती सवय.

"काका, तो माझा नव्हता," टाचणी म्हणाली. "मावशीचा होता."

"हिचा?" काका अजून हसतच होते. मग हसू थांबलं. "तुझा? मग मला कधी का नाही बोललीस असं?"

"बोलले होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी, तुमच्या ऑफिसची मंडळी जेवायला आली होती तेव्हा. सगळे हसले. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी."

"मी? छे. काय बोलली होतीस?"

"ते तुम्ही विसरलात. मी बोलणं विसरले." मावशीने नळ सोडला आणि पालक धुवायला घेतला.

काका पेपराकडे परत गेले. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

"मावशी," टाचणी हळू आवाजात म्हणाली, "हे तू मला शिकवत होतीस?"

"मला वाटलं, तुला तरी सोपं जाईल."

"नाही जात."

"मलाही नाही गेलं," मावशी म्हणाली. ही गोष्ट ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती.

जिना उतरता उतरताच टाचणीने मालकांना फोन लावला. "साहेब, माईक दिला का कुणाला?"

"खजिनदारांना. त्यांनी भाषणही लिहिलंय."

"किती पानं?"

"अकरा."

"काढून घ्या माईक. मी उद्या लवकर येते."

शनिवारी हॉल भरला. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागची माणसं भिंतीला टेकून उभी होती. मावशी आणि काका तिसऱ्या रांगेत होते, त्यांच्या शेजारी चष्मेवाला आणि त्याची आई. टाचणी स्टेजवर चढलेली दिसली तशी मावशीने पदर सारखा केला आणि खाली बघितलं. माईक आधी शिट्टी वाजवून गप्प झाला.

"नमस्कार. माणूस आपल्याकडे रडत येतं, हसत जातं, आणि बिल बघून परत रडतं. मधलं तेवढं आपलं काम. आज जेवण आठ वाजता गरम आहे. खजिनदारांचं भाषण अकरा पानांचं आहे. आपण सगळे सुज्ञ आहात."

हॉल पहिल्याच मिनिटाला तिच्या हातात आला. खजिनदारांनी हसत हसत नऊ पानं खिशात घातली. चष्मेवाल्याकडे बघत तिने कवळी करणारं मशीन कसं असतं ते सांगितलं, त्याला घाम येतो, चटके बसतात, आणि महिनाअखेरीस ते पगारवाढ मागतं. तो लालेलाल झाला. त्याची आई हसली. तो हसला की नाही हे स्टेजवरून दिसलं नाही, आणि पुढचं वाक्य तयार असल्यामुळे तिने थांबून बघितलंही नाही.

"आमच्याकडे एका आजोबांची कवळी परत आली," ती म्हणाली. "तक्रार काय, तर ही घातली की बायकोशी भांडताना शब्द नीट फुटत नाहीत."

"दुरुस्त करू नकोस!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "तसलीच एक यांच्यासाठी कर!"

हॉल कोसळला. लोक वळून बघत होते, कोण बोललं, कोण बोललं. मावशीचा हात शेजारी काहीतरी चाचपत होता, पण तिथे पाणी नव्हतं, नुसती पर्स होती. टाचणीने माईक खाली केला. तिला त्या क्षणी हॉलशी काही देणंघेणं नव्हतं. ती काकांकडे बघत होती.

काका आधी हसले नाहीत. त्यांनी मागे वळून हसणाऱ्या रांगा बघितल्या, मग बायकोकडे बघितलं, आणि उठून उभे राहिले.

"माझे दात अजून खरे आहेत!" ते ओरडले.

"अहो, तीच तर अडचण आहे!" मावशी बसल्या जागेवरून म्हणाली.

यावर जे हसू उठलं ते बराच वेळ ओसरलंच नाही. मालक टाळ्या वाजवत खुर्चीवर चढले होते. काका खाली बसले आणि पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, त्याने विचारलेलं नसताना, म्हणाले, "आमच्या घरचीच आहे."

जेवणाच्या रांगेत दोन लॅबवाल्यांनी मावशीला पुढच्या वर्षी भाचीबरोबर स्टेजवर याल का म्हणून विचारलं. "बघू," मावशी म्हणाली, आणि ताट घेऊन ताठ मानेने पुढे सरकली. चष्मेवाला टाचणीजवळ आला.

"रविवारी तुम्ही अशा नव्हता."

"रविवारी मी पाहुणी होते," टाचणी म्हणाली. "मी अशी आहे. विचार करून सांगा."

त्याने मान हलवली. ती पटल्याची होती की नुसतीच, ते कळलं नाही. तो आईला घेऊन निघाला. टाचणीने गोड पदार्थ दुसऱ्यांदा घेतला. तिला कडकडून भूक लागली होती.

रविवारी संध्याकाळपर्यंत चष्मेवाल्याचा फोन आला नव्हता. शेजारच्या शहरातल्या संघटनेचा आला होता, त्यांना पुढच्या महिन्यात सूत्रसंचालनासाठी टाचणी हवी होती, आणि तिने पहिल्या घंटीला उचलून हो म्हटलं होतं. पावणेसहाला मावशीकडे फोन वाजला. चष्मेवाल्याची आई होती. मावशी फोन घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर टाचणी आणि काका बसले होते. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं, मधूनच नुसतं हसू येत होतं. एकदा मावशीचं, एकदा फोनमधून पलीकडचं. साडेसहा झाले तशी काकांनी पेपराची घडी घातली आणि चहा ठेवायला उठले. फोन अजून चालूच होता.