कागदोपत्री गेलेला कोट

अंगावर घालण्याजोगा मी आता राहिलेलो नाही, मित्रांनो. कोपरांवरचे केस झडले आहेत, खिशांच्या कडा उसवल्या आहेत. तरी जरा जवळ या. काराकुल मेंढीच्या कोकरांच्या कातड्याचा मी एक काळा कोट आहे. एका हिवाळ्यात मी जिथे होतो तिथे नव्हतो, आणि माझ्यामुळे एक चांगली बाई घरात असूनही घरात नव्हती. त्या हिवाळ्याची हकिगत मला सांगायची आहे.

माझा जन्म समरकंदचा. बाजारामागच्या उतरत्या गल्लीत उस्ता, म्हणजे उस्ताद, हैदरकुल यांचे कातड्यांचे दुकान होते. त्यांनी माझ्यासाठी कित्येक महिने कातडी जमवली. कुरळ्याला कुरळा जुळला पाहिजे, शिवण बोटाला लागता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता. ज्या कोकरांच्या कातड्यांचा मी बनलो त्यांनी गवत पाहिले नव्हते. काहींनी तर उजेडही पाहिला नव्हता. शिवून झाल्यावर उस्तांनी मला घरातल्या खुंटीला लावले, तेव्हा त्यांच्या बायकोने मला उचलून पुन्हा दुकानात नेऊन ठेवले.

"याला कुठे जायचंय ते अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली. "असल्याला घरात झोपू देऊ नये."

उस्ता हसले. पण त्यांनी मला पुन्हा घरात नेले नाही.

मग एके सकाळी दोघी बहिणी दुकानात आल्या. थोरली महफुझा, लग्न करून कझानला गेलेली आणि तिथलीच नागरिक झालेली. धाकटी ओयदिन बालवाडीत शिकवायची आणि म्हाताऱ्या आईला सांभाळायची. महफुझा सुट्टीवर आली होती. बहिणीचा विटलेला, पातळ कोट पाहून तिने नवा घ्यायचे ठरवले होते. तिने मला खुंटीवरून काढले, डोळे मिटून माझ्या कुरळ्यांवरून उलटा हात फिरवला आणि मला ओयदिनच्या खांद्यांवर घातले.

"ओपा, हा घालून मी पोरांना लापशी वाढू?" ओयदिन आरशात बघत म्हणाली. ओपा म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण, आणि आदराने कोणतीही मोठी बाई. "अस्वल आलं म्हणून पळतील ती."

"पळू देत. तेवढीच तुला विश्रांती."

मी तिला असा बसलो की जणू तिच्याच मापाने शिवलेला होतो. उस्ता म्हणाले, "ताईंकडे परदेशी पासपोर्ट असेल तर विक्रीकर परत मिळतो. देश सोडताना विमानतळावर कोट दाखवायचा, कागदावर शिक्का घ्यायचा."

"पण कोट तर इथेच राहणार आहे," ओयदिन म्हणाली.

महफुझाने तिला कोपराने डिवचले. बाहेर आल्यावर म्हणाली, "दाखवायचा तेवढा दाखवू आणि मग तू घरी ने. सरकार काय तुझ्या खुंटीपर्यंत बघायला येणार आहे? त्या पैशांत ओयीच्या खोलीला नवी शेगडी होईल."

आईला त्या ओयी म्हणत. शेगडीचे नाव निघाल्यावर ओयदिनने पिशवी हातात घेतली.

मित्रांनो, महफुझा वाईट नव्हती. तिला फक्त वाटले, की कागद हा कागद असतो.

तिचे विमान दुपारचे होते. स्वच्छ ऊन पडले होते आणि विमानतळाच्या काचांमधून ते थेट जकातीच्या टेबलावर येत होते. टेबलामागे इनोबात-ओपा नावाची जाडजूड, संथ बाई बसली होती. तिने मला पिशवीतून काढून उन्हात पसरले.

"कुणासाठी घेतलात?"

"माझ्यासाठीच."

"आणि नेताय आज?"

"हो. माझ्याबरोबर."

इनोबात-ओपाने महफुझाच्या रुंद खांद्यांकडे पाहिले. मग मागे उभ्या असलेल्या ओयदिनच्या अरुंद खांद्यांकडे पाहिले. "एकदा सांगते," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात दरडावणी अजिबात नव्हती. "मी शिक्का मारला की ही वस्तू देशाबाहेर गेली. मग ती इथली राहत नाही."

"ठाऊक आहे हो."

"बरं," इनोबात-ओपा म्हणाली आणि तिने शिक्का मारला.

शिक्का कागदावर बसला, माझ्यावर नाही. तरी त्याच क्षणी माझ्यावर पडलेले ऊन मला लागेनासे झाले. ते माझ्यावर पडत होते आणि मी गार होतो.

बाहेर, गाड्या उभ्या करतात त्या जागी, महफुझाने मला ओयदिनला घातले, वरपासून खालपर्यंत सगळी बटणे स्वतः लावली, तिचे दोन्ही गाल चुंबले आणि ती आत निघून गेली.

ओयदिन थांब्यावर उभी राहिली. गाडी आली. तिने हात केला. चालकाने तिच्या दिशेने पाहिले आणि वेग कमी न करता गाडी पुढे नेली. दुसरीही तशीच गेली. ती चालत निघाली. गल्लीच्या तोंडाशी भाकरीवाली बसली होती. ती सगळ्यांना भाकऱ्या देत होती. ओयदिनची पाळी आली तेव्हा तिने मागच्या बाईला भाकरी दिली. "अहो मावशी, मी उभी आहे ना," ओयदिन म्हणाली. भाकरीवालीने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि कोणाला तरी म्हणाली, "वारा सुटला बाई."

घरी आई चहा ओतत होती. एकच पियाला.

"ओयी, माझा?"

म्हातारीने मान वर केली आणि दाराकडे ऐकल्यासारखे केले. मग फुंकर मारून चहा प्यायली. ओयदिन घाबरून उभी राहिली आणि तिने मला अंगातून काढून फेकले. त्याबरोबर आईच्या हातातला पियाला हिंदकळला.

"ओयदिन-जान! कधी आलीस गं?" म्हातारी उठली, तिला मिठी मारली आणि रडू लागली. "किती बारीक झालीस. महफुझानं नीट खाऊ घातलं नाही का? आता राहशील ना थोडे दिवस?"

"मी इथेच असते, ओयी. सकाळी तुझी वेणी मी घातली."

म्हातारीने वेणी चाचपली आणि ती समजूतदारपणे हसली, पाहुण्याच्या थट्टेला हसावे तशी.

त्या दिवसापासून ओयदिनने मला पेटीत ठेवले. पण मी तिच्या अंगाला लागलो होतो. तिला थंडी वाजू लागली. शेगडीपाशी बसली तरी, दोन रजया घेतल्या तरी वाजे. माझ्याशिवाय तिला ऊब मिळेना, आणि मी अंगावर असलो की ती कोणाला दिसेना. काही दिवस तिने दात आवळून काढले. मग बालवाडीत मुलांनी तिच्या हाकेला ओ देणे बंद केले. मला अंगात न घालताही. तिने गाणे सुरू केले तर मुले आपापसात खेळत राहिली. एक मुलगी दुसरीला म्हणाली, "ओयदिनबाई कझानला गेल्या. तिकडे बर्फ असतो." तिच्या जागी नवी बाई आली आणि ओयदिनच्याच खुर्चीवर बसली. ओयदिन वेळेवर उठली म्हणून बरे.

तिने मला उस्तांकडे परत देऊन पाहिले. दुकानाच्या दारात उभी राहून तिने हाक मारली. उस्तांनी कातरणे थांबवले, उघड्या दाराकडे पाहिले, उठले आणि दार लावून घेतले.

आम्ही बाहेर उभे होतो. ओयदिनने मला अंगात घातले, कारण आता न घालण्याला काही अर्थ उरला नव्हता. घरी ती आईच्या शेजारी बसे. आई जेवायला एकटीचे ताट घेई आणि रोज म्हणे, "पोरीचा फोन नाही आला आज." ओयदिन उरलेले खाई. तिच्या खाण्यानेही भांडे रिकामे झाल्याचे कुणाच्या लक्षात येत नसे.

शेवटी ती चालत विमानतळावर गेली. इनोबात-ओपा टेबलामागे जर्दाळू खात बसली होती. तिने मान वर केली आणि सरळ ओयदिनकडे पाहिले. कितीतरी दिवसांत तिच्याकडे कोणी असे पाहिले नव्हते. ओयदिनला तिथेच रडू फुटले.

"बस," इनोबात-ओपा म्हणाली. "जर्दाळू घे."

"शिक्का रद्द करा. पैसे मी भरते. कुठूनही आणून भरते."

"पैसे भरता येतील गं. कोट कसा परत येईल? तो गेलाय."

"हा काय माझ्या अंगावर."

"मला दिसतो. मी पाठवलाय म्हणून दिसतो." तिने जर्दाळूची बी बाजूला ठेवली. "एकदा एकानं असाच गालिचा नेला होता. शिक्का मारून घेतला आणि घरी नेऊन अंथरला. त्याच्या घरी माणसं यायची बंद झाली. मग त्याला वाटायला लागलं की घरच नाही. मी तेव्हापासून सगळ्यांना एकदा सांगते. दोनदा सांगितलं तर मला वेडी म्हणतील."

"मग मी काय करू?"

"जिनं नेते म्हणून सांगितलं तिनंच न्यायला हवा. दुसऱ्या कुणाच्या हातून जाणार नाही तो. बहिणीला बोलव. आणि लवकर बोलव, पोरी. तुझा आवाज आत्ताच मला लांबून आल्यासारखा येतोय."

इनोबात-ओपाने स्वतःच्या फोनवरून कझानला फोन लावून दिला. महफुझाला आधी फक्त खरखर ऐकू आली. मग तिला बहिणीचा आवाज ऐकू आला, आणि तिचे म्हणणे ऐकून ती हसलीच.

"तुला कुणी विचारत नाही म्हणून रुसलीस होय? लहानपणापासून तुझं हे असंच."

"ओयीला फोन कर," ओयदिन म्हणाली. "माझ्याबद्दल विचार."

महफुझाने केला. आई म्हणाली, "तुझ्याकडेच तर आहे ना ती? दे बघू फोन तिच्याकडे. किती दिवस झाले, पोरगी बोललीच नाही माझ्याशी." महफुझाने लगेच तिकीट काढले. ती मिळेल त्या विमानाने निघाली.

दार आईने उघडले. "एकटीच? ओयदिनला कुठे ठेवलंस?"

महफुझा आत आली. आम्ही तिच्या समोर, दोन पावलांवर उभे होतो. ओयदिन म्हणत होती, "ओपा, मी इथे आहे. ओपा." महफुझाची नजर आमच्यातून पलीकडे भिंतीवर जात होती. तिने सगळी खोली पाहिली, अंगण पाहिले, पेटी उघडून पाहिली. मग ती खोलीच्या मध्ये उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. दोन्ही हात पुढे करून ती हवा चाचपू लागली. आई म्हणाली, "प्रवासाचा ताण, दुसरं काय." ओयदिनला हलता येत नव्हते. थंडीने ती पायापासून गोठली होती. महफुझाचे हात तिच्या डोक्यावरून गेले, बाजूने गेले. मग तिची बोटे माझ्या बाहीला लागली आणि कुरळ्यांवरून उलटी फिरली.

तिने मला असे पकडले की एक शिवण उसवली. उस्तांनी घातलेल्या शिवणींपैकी पहिली.

"सापडलीस," ती म्हणाली. डोळे तिने उघडले नाहीत. डोळे मिटूनच तिने एकेक बटण काढले, बहिणीच्या अंगातून मला उतरवले आणि स्वतः घातले. मी तिला फार घट्ट होत होतो. "आत्ता निघते, ओयी," एवढेच ती बोलली.

विमानतळावर इनोबात-ओपाने आम्हांला येताना पाहिले. तिने शिक्क्याला हात लावला नाही.

"न्या आता," ती म्हणाली.

विमान जमिनीवरून उचलले तेव्हा खिडकीतले ऊन माझ्यावर पडले आणि मला लागले.

कझानला उतरल्याबरोबर महफुझाने घरी फोन लावला. पलीकडे आई कुणावर तरी ओरडत होती. "ओयदिन, चहा ऊतू जातोय, लक्ष कुठे आहे तुझं?" महफुझा तिथेच, बॅगा फिरत होत्या त्या पट्ट्याशेजारी, जमिनीवर बसली आणि माझ्या बाहीत तोंड खुपसून रडली.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण एक राहिले.

महफुझा घरी पोहोचली. तिने मला दाराजवळच्या खुंटीला लावले. थोड्या वेळाने जिन्यावरची शेजारीण आली, फरीदा नावाची. चक्चकची बशी घेऊन आली होती, तिकडची मधातली मिठाई. आत डोकावून तिने विचारले, "तुमची बहीण गेली का परत?"

"कोण?" महफुझा म्हणाली.

"अहो, हिवाळाभर होती ती. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेली असायची. मी हात केला की ती पण हळूच हात करायची. अबोल, पण गोड पोर. काळा कोट कधी काढायची नाही, मला वाटायचं हिला आमची थंडी सोसत नाही." तिने बशी पुढे केली. "तिच्यासाठीच आणली होती."

महफुझाने बशी घेतली. फरीदाची नजर खुंटीकडे गेली, तिने माझ्याकडे पाहिले आणि ती आनंदाने म्हणाली, "हाच तो."

मित्रांनो, तेव्हापासून मी याच खुंटीवर आहे. महफुझा मला घालत नाही आणि टाकूनही देत नाही. दर हिवाळ्यात ती मला उन्हात ठेवते, कसर लागू नये म्हणून कडू पाला खिशात घालते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून चहा पिते. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला जपा. ऊन दाखवा, पाला घाला, उसवले तर शिवा. पण याहून एक जपणे मोठे आहे. जे जवळ आहे त्याला गेले म्हणू नका, चार पैशांसाठीही नाही, गमतीनेही नाही. आम्ही वस्तू फार आज्ञाधारक असतो. जा म्हटले की आम्ही जातो, आणि आमच्या आत जे कुणी असेल त्यालाही बरोबर नेतो.