हातावरची घाण, नमुना १

"तीन मिनिटं झाली नाहीत अजून," नळाखालून हात न काढता साबणकाका म्हणाले.

"राहू द्या हो काका. चूक तुमच्या हातांची नव्हतीच," मॅडम म्हणाल्या.

काकांनी तरीही घड्याळाचा काटा पूर्ण फिरू दिला.

ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी, मातीखाली वाढणारी बटाट्याएवढी बुरशी. परवडणारे लोक ती खातात, बाकीचे तिच्यावर संशोधन करतात. एकोणीस वर्षांपूर्वी याच बिनखिडकीच्या प्रयोगशाळेत काकांनी एक ट्रफल कापून आतला तुकडा काचेच्या बशीत वाढायला ठेवला. चौथ्या दिवशी त्यावर भलतीच पांढरी लव उगवली. मॅडम तेव्हा प्रमुख म्हणून नव्या होत्या, आणि नव्या साहेबाला चूक कुणाच्या तरी हातात सापडावी लागते. सेवापुस्तकात शेरा पडला : 'हात अस्वच्छ.'

बढती अडली. बढती अडली म्हणून ही बिनखिडकीची खोलीही सुटली नाही. तेव्हापासून काका प्रत्येक कामाआधी आणि कामानंतर घड्याळ लावून हात धूत. मेहुणा घरी आला की म्हणे, "भाऊजी, पाणी माझं मी घेतो हं."

आता त्याच ट्रफलचा वाळवून ठेवलेला तुकडा तपासून नव्या यंत्राने सांगितलं होतं, की ती लव म्हणजे दुसरीच सूक्ष्म बुरशी. ट्रफलच्या पोटातच राहते. कुणीही कापलं असतं तरी तीच निघाली असती.

"मग शेरा काढताय ना? शुक्रवारी रिटायर होतोय मी."

मॅडमनी स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. "ऑफिसात विचारलं. म्हणतात, अर्ज नव्वद दिवसांत करायला हवा होता."

"तेव्हा कसा करणार? तेव्हा मलाही वाटायचं, माझेच हात घाण आहेत."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काका, ती पहिली पांढरी बुरशी... टाकलीच असेल ना तुम्ही? ती ट्रफल जिथून आणली, ते जंगल आता उरलं नाही. जिवंत अशी पुन्हा मिळायची नाही."

काकांनी फ्रीजच्या खालच्या कप्प्यातून एक काचनळी काढली. दर सहा महिन्यांनी नवं खाद्य घालून त्यांनी ती जगवली होती. आपल्या हातावर नेमकं काय होतं, ते निदान नजरेसमोर असावं, एवढंच. लेबल त्यांच्याच अक्षरात होतं : 'हातावरची घाण, नमुना १.'

मॅडम नखाने लेबल खरवडू लागल्या. "नीट नाव देऊ या हिला."

"असू द्या," काका म्हणाले. "शेरा राहणार असेल, तर लेबलही राहील."

मॅडमचं नख थांबलं. काकांनी नळ सोडला, घड्याळाकडे पाहिलं आणि साबण उचलला.