दलेंदाच्या भिंतीवरची रेघ

शेजारच्या बय्याच्या दारात तुती लागणार हे ऐकल्यापासून दलेंदाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

नुसत्या झाडासाठी कोणी एवढं जळत नाही म्हणा. पण ही तुती साधी नव्हती. गल्लीतलं सिमेंट चार हात फोडायचं, कमरेएवढा खड्डा खणायचा, तळाला खडी, वर वाळू, मग माती, कडेनं कण्हेर आणि बोरू, आणि मधोमध तुती. वरच्या वस्तीतून धावत येणारं पावसाचं पाणी आधी त्या खड्ड्यानं प्यायचं आणि उरलं तर घरांकडे बघायचं. ट्युनिसच्या या कोपऱ्यात, खाऱ्या तळ्याच्या काठाला, ज्यानं त्यानं आपलं अंगण सिमेंटनं असं लिंपून टाकलं होतं की पाण्याला जिरायला बोटभर जागा नव्हती. पंप येईल, गटार होईल, अशी वाट बघून माणसांचे केस पिकले. शेवटी गल्लीच एकत्र बसली, कागदावर आपणच आपला नकाशा काढला, आणि एका बागेपुरता दगड-मातीचा खर्च जमला. बाग कुणाच्या दारात, यावर भांडण होणार हे दिसतच होतं, म्हणून नियम ठरला. चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातल्या पुरात ज्याच्या दाराशी पाणी सगळ्यांत खोल होतं, त्याच्या दारात बाग. पाणी चढलं होतं तिथं ज्यानं त्यानं आपल्या भिंतीवर निळ्या रंगानं रेघ मारायची.

बय्याच्या भिंतीवरची रेघ गुडघ्याच्या वर वीतभर होती. दलेंदाच्या भिंतीवर रेघच नव्हती.

कारण दलेंदाचं घर बुडालंच नव्हतं. गल्लीच्या टोकाचं घर, पण दाराला तीन पायऱ्या. "माझ्या नवऱ्यानं, अल्ला त्याला शांती देवो, आधीच विचार करून बांधलंय," असं ती येताजाता ऐकवायची. आणि पाऊस पडून गेला की मुद्दाम बय्याच्या दाराशी थांबून म्हणायची, "काय गं, आलं का पाणी? यायचंच. तुझं घर पडलं खड्ड्यात."

आता खरं काय ते सांगून टाकतो. पाणी दलेंदाच्या पायऱ्या चढून आत शिरलं होतं. बाहेर उभं राहिलं असतं तर छातीला लागलं असतं. सगळी गल्ली वरच्या शाळेत आसऱ्याला गेली, आणि ही एकटी दीड दिवस गच्चीवर बसून राहिली. पाणी ओसरलं तशी खाली उतरली, चुना कालवला आणि भिंत पांढरी करून टाकली. तिसऱ्या दिवशी माणसं परतली तर हिची भिंत लग्नघरासारखी. पुढच्याच आठवड्यात सिहेमला, तिच्या एकुलत्या मुलीला, बघायला टेकडीवरची माणसं यायची होती. बुडणाऱ्या घरातली मुलगी कोण करणार? हे एक कारण. दुसरं कारण बय्या. चाळीस वर्षांचा शेजार. फ्रीज आधी बय्याकडे आला, बय्यानं वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसात कधी गाठ झाली नाही, बय्याचा नवराही अजून जिवंत होता. दलेंदाकडे मिरवायला उरल्या होत्या त्या तीन पायऱ्या. त्याही गेल्या असं कुणाला, आणि तेही बय्याला, कशी सांगणार?

त्या पुरात सिहेमची लोकर गेली. मुलगी जन्मली तेव्हापासून दर ईदच्या मेंढ्याची लोकर दलेंदा साठवत आली होती, लग्नात गाद्या द्यायला. अठरा ईदची लोकर, चिखलात भिजून कुजकट वासाची. लोक परतायच्या आत पोत्यांत भरून तिनं ती खाऱ्या तळ्याच्या कडेला नेऊन टाकली. सिहेम तेव्हा बिझर्तला मावशीकडे होती. तिला सांगितलं, कसर लागली गं, फेकून दिली.

लग्नात रुखवत मांडलं तर गाद्याच नाहीत. सासरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, तेवढ्यात बय्याकडून दोन गाद्या आल्या, गुबगुबीत, पोटाएवढ्या उंच. बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. लेकीच्या लग्नात आईचं नाक वाचलं, आणि आईच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं एका गादीची शिवण नखानं उसवली. पांढऱ्या लोकरीत काळे पुंजके. "काळी मिसळलीय," तिनं पुढचे सहा महिने सगळ्यांना सांगितलं, "स्वस्तात भागवलंन." बय्याच्या कानावर ते गेलंच असणार.

आणि आता तुतीही तिलाच.

रविवारी सकाळी हमूदाकाका लेव्हलची नळी घेऊन आले. सारा जन्म गवंडीकाम केलेला माणूस. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक बय्याच्या रेघेला धरायला लावलं, आणि दुसरं टोक घेऊन दारोदार निघाले. "साचलेलं पाणी सगळीकडे एकाच उंचीला थांबतं," ते म्हणाले. "ज्यानं रेघ वर-खाली मारली असेल, त्यानं आत्ताच पुसा." दोघांनी हळूच पुसली. सगळी गल्ली मागे चालली होती. वरच्या घरांशी काकांच्या हातातलं टोक खाली खाली गेलं, आणि बय्याचं दार ओलांडून ते गल्लीच्या टोकाकडे वळले तसं भिंतीवर वर वर सरकायला लागलं. दलेंदाच्या पायऱ्या सगळ्यांना दिसायच्या, गल्लीचा उतार आजवर कुणाला दिसला नव्हता.

दलेंदाच्या दाराशी काका थांबले. नळीतलं पाणी तिच्या छातीशी होतं.

"दलेंदा, पाणी इथं म्हणतंय."

"पाण्याला काय कळतंय?"

"बाई, पाण्याला तेवढंच कळतं."

लोक हसले. दलेंदाचे कान तापले. "मी वाळूची पोती लावली होती दाराला," ती म्हणाली.

"छातीएवढी? एकटीनं?"

"ती कोरडं म्हणतेय ना?" मागून बय्या बोलली. "मग कोरडं लिहा, काका. उगाच चारचौघांत तिला फैलावर कशाला घेता?"

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणाली असती. दलेंदाला त्यात डाव दिसला. साळसूद कुठली! कोरडं लिहिलं की तुती हिच्या दारात. तुतीखाली खुर्ची टाकून ही पुदिन्याचा चहा पीत बसणार, आणि गल्लीतल्या बाया वाटी घेऊन येणार, बय्या, चार तुत्या दे गं. आणि तीन आठवड्यांवर ऑक्टोबर. पाणी हिच्याकडे जिरलं नाही तर घरंगळत माझ्याच दारात येणार, आणि मी पुन्हा गच्चीवर.

ती तरातरा आत गेली आणि सुरी घेऊन आली. दाराशेजारची भिंत खरवडायला लागली. यंदाचा चुना पडला, मागच्या वर्षीचा पडला, सिहेमच्या लग्नातला निळसर हात पडला. आणि पुरानंतरच्या त्या पहिल्या चुन्याखाली चिखलाची पिवळट-तपकिरी रेघ निघाली, नळीतल्या पाण्याला बरोबर लागून.

"बघा," दलेंदा धापा टाकत म्हणाली. "बघ, बय्या. तुझ्यापेक्षा किती वर आहे ते बघ."

बुडाल्याचा एवढा तोरा त्या गल्लीत आजवर कुणी मिरवला नसेल.

"मग चार वर्षं आम्हाला खड्ड्यातले म्हणत होती ती कोण?" कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला. हमूदाकाकांनी निळी रेघ मारली आणि तिच्या पायरीपुढच्या सिमेंटवर खडूनं मोठा गोल काढला. बाग दलेंदाची झाली.

दलेंदानं आधी बघितलं ते बय्याच्या तोंडाकडे. ते जरासुद्धा उतरलं नव्हतं. तेच तिला खुपलं.

"तुला काहीच कसं वाटत नाही?" ती जवळ जाऊन म्हणाली. "तुती गेली तुझी."

"मला ठाऊकच होतं," बय्या हळू म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पुराच्या दुसऱ्या दिवशी कोंबड्या बघायला मी शाळेतून येऊन गेले होते. तू पोती ओढत तळ्याकडे चालली होतीस."

दलेंदाच्या हातातली सुरी खाली आली.

"अठरा ईदची लोकर अशी टाकतात का गं कुणी?" बय्या म्हणाली. "तू गेल्यावर मी उचलून आणली. समुद्रावर नेऊन धुतली, मग घरी धुतली, तरी वास जाईना. अख्खा हिवाळा गच्चीवर वाळवत होते. काळी निवडून काढणार होते, पण मग आठवलं, सिहेम सात वर्षांची असताना तुम्ही तो काळा मेंढा आणला होता. त्याला कापला तेव्हा पोरगी माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली होती. म्हटलं, राहू दे त्याची लोकर तिच्याजवळ."

दलेंदाला तो मेंढा आठवला. त्याआधी एकदाही आठवला नव्हता.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेतल्या असत्यास गाद्या?"

इतकी वर्षं दलेंदा ज्या गाद्यांवर जळत होती, त्या तिच्याच लोकरीच्या होत्या. आणि एवढं कळूनही आतली आग विझली नव्हती, फक्त तिची जागा बदलली होती. फ्रीज, कुसकुस, नवरा, सगळं परवडलं. हिच्यासारखं मन आपल्याला नाही, हे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं.

"कुदळ आहे का कुणाकडे चांगली?" हमूदाकाकांनी हाक दिली.

"बय्याकडे आहे," दलेंदा म्हणाली. मग बय्याकडे न बघताच पुटपुटली, "जा, आण. माझी बोथट झालीय. तुझ्याकडचं सगळंच मेलं चांगलं असतं."