जिन्यावरच्या बाईचं बोलणं

तुल्लिओ स्तोकोव्हाझ चष्म्यांच्या दुकानात आठवडाभर लोकांचे डोळे तपासायचा आणि रविवारी स्वतःचे बिघडवून घ्यायचा, असं त्याची बायको नीवेस म्हणायची. बैठकीच्या खोलीत त्याने दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले होते. एकावर एका देशाची व्हिडिओ टेप, दुसऱ्यावर दुसऱ्या देशाची. सिनेमा तोच. सत्तरच्या दशकातले ते खुनाचे, हातमोज्यांचे, किंचाळणाऱ्या बायकांचे इटालियन सिनेमे देशोदेशी गेले तेव्हा प्रत्येकाने त्यांना आपापली कात्री लावली. जर्मनांनी गप्पा कापल्या, स्पॅनिशांनी उघडं अंग कापलं, ग्रीकांनी काय कापलं ते त्यांनाच ठाऊक. हे कापलेले तुकडे हुडकून सिनेमा पुन्हा अख्खा करायचा, हा तुल्लिओचा छंद. डीव्हीडीचा जमाना नुकता सुरू झाला होता आणि मिलानच्या एका छोट्या कंपनीने त्याच्यावर एक काम सोपवलं होतं. ‘जिन्यावरचं मीठ’ नावाच्या सिनेमाची सगळ्यात लांब प्रत जुळवून द्यायची.

या सिनेमावर त्याचा विशेष जीव होता, कारण तो त्यांच्याच गावात, त्रिएस्तेत चित्रित झाला होता. सान जाकोमो वस्तीतलं ते घर, द्राक्षवेलींच्या नक्षीचा तो लोखंडी कठडा, सगळं अजून जागच्या जागी होतं. नायिका जिना चढत वर येते आणि वरच्या मजल्याच्या अंधारात घरात घालायच्या फिकट झग्यातली एक बाई उभी असते. कथेशी तिचा काही संबंध नाही, नंतर ती दिसतही नाही. पण जगभरातल्या चाहत्यांना हेच दृश्य सगळ्यात जास्त आठवायचं. दिग्दर्शक कधीच वारला होता. ती बाई कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

इटालियन टेपमध्ये ती अंधारातून पुढे येते, तोंड उघडते आणि दृश्य तुटतं. जर्मन टेपमध्ये तिचं येणं कापलेलं, पण ती कठड्याला धरून बोलताना दिसते. त्या रविवारी बाहेर बोरा सुटला होता. खिडक्यांच्या फळ्या बडवणारा तो वारा त्रिएस्तेत हिवाळाभर असतोच. जहाजावर आचारी असलेल्या लिव्हियोने, तुल्लिओच्या मित्राने, पिरेयसच्या बाजारातून एक ग्रीक टेप आणून दिली होती. तुल्लिओने ती लावली आणि खुर्चीतून उठलाच. इथे बाई दोन पायऱ्या खाली उतरत होती, थेट कॅमेऱ्यात बघत, अजून बोलत.

“नीवेस, जरा इकडे ये. सापडलं.”

नीवेस हात पुसत आली. बहिऱ्या मुलांच्या शाळेत ओठ वाचण्यात तिची उभी हयात गेली होती. नवऱ्याच्या सिनेमांचा तिला कंटाळा होता, आणि त्याचं कारण खून नव्हतं. त्या काळी चित्रीकरणाच्या वेळी आवाज घ्यायचेच नाहीत, सगळं नंतर स्टुडिओत भरायचे. “ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच येतो. माझं डोकं दुखतं,” ती म्हणायची.

या दृश्यावर मात्र फक्त संगीत होतं. नीवेस उभ्या उभ्या बघत राहिली.

“पुन्हा लाव.”

त्याने पुन्हा लावलं.

“ही नटी नाही. आपल्या बोलीत बोलतेय, आपल्या आजीसारखी,” ती म्हणाली.

“काय बोलतेय?”

“‘मीच ठेवलाय त्याला. आता तरी कुणीतरी ऐका.’”

तुल्लिओ हसला. “घाबरवतेस का मला?”

“त्याच्या आधीचं दाखव. जर्मनातलं.”

जर्मन टेप धूसर होती, तीनचार वेळा मागे न्यावी लागली. नीवेस पडद्याजवळ जमिनीवरच बसली. “‘खाली कोळशाच्या खोलीत आहे, भिंतीमागे’,” ती हळू म्हणाली. मग इटालियन टेप. बाईने तोंड उघडलं तेवढ्यात किती निघणार, पण निघालं. “‘उगो ऑस्ट्रेलियाला गेलेलाच नाही.’”

वाऱ्याने फळी आपटली तसे दोघंही दचकले. कुठल्याच एका देशात ती बाई पूर्ण बोलली नव्हती. तीन देशांच्या कात्र्यांनी तिचं वाक्य तीन ठिकाणी वाटून टाकलं होतं, आणि ते पहिल्यांदा जुळलं ते या बैठकीच्या खोलीत.

“संहितेतलंच असेल काहीतरी,” तुल्लिओ म्हणाला.

“सिनेमात उगो आहे कुणी?”

नव्हता.

दुसऱ्या दिवशी नीवेसने शाळेतून अर्धी रजा घेतली आणि दोघं सान जाकोमोला गेले. तुल्लिओ चाहता म्हणून पूर्वी एकदा जिन्याचे फोटो काढून आला होता, पण तेव्हा त्याने कुणाचं दार वाजवलं नव्हतं. आता तळमजल्यावरच्या शिंपिणीला त्याने टीव्हीच्या पडद्याचा काढलेला फोटो दाखवला.

“ही? ही तर आल्बिना. वर राहते की अजून,” शिंपीण तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली. “जपून हं. मधूनमधून तिचं डोकं फिरतं. बिचारीचा नवरा ऑस्ट्रेलियाला गेला, पन्नास वर्षं होत आली. एक ओळ आली नाही त्याची.”

“नवऱ्याचं नाव काय?” नीवेसने विचारलं.

“उगो.”

आल्बिना फुर्लानने दार उघडलं तेव्हा घरात जोता शिजत होती. घराघरात शिजणाऱ्या त्या आंबवलेल्या कोबीच्या आणि वालांच्या आमटीचा वास जिन्यापर्यंत आला होता. बाई सत्तरीपुढची, केस पांढरेशुभ्र, पण बघणं तेच, पडद्यावरचं. तुल्लिओने अडखळत सिनेमाचं नाव घेतलं.

“या,” ती म्हणाली. “फार वेळ लावलात.”

तिने दोघांना टेबलाशी बसवलं आणि विचारायच्या आधीच ताटल्या भरल्या. “खा आधी. थंडीतून आलात. तू फार वाळलीयस पोरी, हा खायला घालत नाही वाटतं?”

“सिन्योरा आल्बिना, तुम्ही त्या सिनेमात बोललात…” नीवेसने सुरुवात केली.

“बोलले. तुला ऐकू आलं?”

“दिसलं.”

म्हातारीने मान हलवली, जणू त्यात नवल काही नाही. मग तिने सांगितलं. चढा आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. उगोने बोटीचं तिकीट काढलं होतं, एकट्याचं. त्या काळी अर्धं त्रिएस्ते ऑस्ट्रेलियाला चाललं होतं. मित्रांचा निरोप घेऊन येतो म्हणून तो बाहेर पडला. जिन्यातला दिवा गेलेला होता. पावलं वर आली, तेव्हा ती इस्त्री हातात घेऊन दारामागे उभी होती.

“एकदाच मारलं. पुन्हा मारायची गरज पडली नाही.”

“आणि कुणाला सांगितलं नाही?” तुल्लिओने विचारलं.

“कुणाला नाही? पोलिसाला सांगितलं, त्याने घरी आणून सोडलं. म्हणाला, बाई, नवरा टाकून गेला की असं होतं. डॉक्टरला सांगितलं, त्याने गोळ्या दिल्या. टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळात दोनदा राहून आले. बहिणीला सांगितलं, ती रडली. सगळ्यांना माझी दया आली. मग हे सिनेमावाले आले. एवढं मोठं यंत्र, एवढे दिवे. मी म्हटलं, यंत्राला दया येत नाही. त्याच्यासमोर सांगते, मग सगळं गाव ऐकेल. तो लांब केसांचा माणूस तर म्हणाला, छान, सिन्योरा, पुन्हा एकदा. पुन्हा सांगितलं.”

“मग सिनेमा बघितलात?”

“पहिल्या रांगेत बसून. मी आले, तोंड उघडलं आणि गेले. आवाजच नाही. बायका किंचाळल्या मात्र. मला बघून.”

तुल्लिओने तिन्ही तुकडे एका टेपवर जुळवून आणले होते. ते का आणले, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. म्हातारीने खोलीतला जुना व्हिडिओ प्लेअर दाखवला, नातेवाइकांनी टाकून दिलेला. त्याने टेप लावली. झग्यातली तेव्हाची आल्बिना अंधारातून पुढे आली, कठड्याला धरून बोलू लागली.

“आवाज वाढव,” म्हातारी म्हणाली.

“आवाज नाहीये, सिन्योरा. घेतलाच नव्हता.”

ती पडद्याजवळ सरकली. “पुन्हा लाव.” आणि या वेळी पडद्यावरचे ओठ हलले तशी ती बोलू लागली. एक शब्द पुढे नाही, एक शब्द मागे नाही. उगो ऑस्ट्रेलियाला गेलेलाच नाही. खाली कोळशाच्या खोलीत आहे, भिंतीमागे. मीच ठेवलाय त्याला. तुल्लिओ तिच्या मागे उभा होता, तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं. आवाज तिच्याकडून येतोय की टीव्हीतून, हे त्याला त्या क्षणी सांगता येईना, कारण आवाज म्हातारीचा नव्हता. चाळिशीच्या बाईचा होता. नीवेसने त्याची बाही घट्ट धरली होती. म्हणजे तिलाही तसंच वाटलं असणार, पण पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

पोलिसांकडे नीवेस गेली. सुदैवाने तिथला तरुण अधिकारी हसला नाही. त्याने गवंडी पाठवून तळघरातल्या कोळशाच्या खोलीतली भिंत फोडून घेतली. मागे घोंगडीत गुंडाळलेला माणूस होता. हाडं, पट्ट्याचं बक्कल, एक बूट. कवटीला भेग होती. शिंपीण जिन्यात बसून मोठ्याने रडत होती. एवढी वर्षं ती आपल्या शिलाई यंत्रासकट त्याच्या डोक्यावर बसली होती.

गोष्ट इथेच संपायची. पण कागदोपत्री नाव लावायचं म्हणून त्या अधिकाऱ्याने ऑस्ट्रेलियातही चौकशी केली, आणि उगो फुर्लान सापडला. मेलबर्नमध्ये. जिवंत. म्हातारा, तिकडची बायको वारलेली, दोन मुली, भाज्यांची बाग. त्याला फक्त जुनी त्रिएस्तेची बोली धड येत होती, म्हणून बाहेरगावच्या त्या अधिकाऱ्याने फोनवर नीवेसला बसवलं.

“मी त्या संध्याकाळी घरी परत गेलोच नाही,” उगो म्हणाला. आवाज दूरवरून, खरखरत येत होता. “तिचं तोंड बघायची हिंमत नव्हती. बंदरावरूनच बोटीत चढलो. ट्रंकसुद्धा तिथेच राहिली. ती आहे का अजून?”

“आहे.”

“माझ्यावर रागावलीय?”

नीवेसने फोन अधिकाऱ्याच्या हातात दिला.

मग भिंतीमागचा कोण? कुणालाच कळलं नाही. त्या काळात शहर निर्वासितांनी भरलेलं होतं. सरहद्दीपलीकडून रोज नवी माणसं यायची, जिन्याजिन्यात खोली विचारत फिरायची. त्यांतला एखादा हरवला तर विचारणारं कोण होतं? अधिकाऱ्याने आल्बिनाला विचारलं, तुम्ही चेहरा पाहिला होता का? ती म्हणाली, घोंगडी आधी तोंडावरच टाकली. बघवलं नसतं.

वय बघून तिला घरातच राहू दिलं. खटला उभा राहील असं कुणाला वाटत नव्हतं. मेलबर्नची बातमी तिला कुणी सांगायची, यावर बराच खल झाला आणि शेवटी ते पुन्हा नीवेसवरच आलं. तुल्लिओ सोबत गेला. त्या दिवशी वारा नव्हता, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, म्हातारी बटाटे सोलत होती.

नीवेसने तिचा हात हातात घेतला. “सिन्योरा, उगो जिवंत आहे. ऑस्ट्रेलियात. मी स्वतः बोलले त्याच्याशी. त्याने तुमची चौकशी केली.”

आल्बिना ऐकत राहिली. हातातला बटाटा तिने पाण्यात टाकला, सुरी पुसली. तिच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, सुटल्याचा आनंदही नव्हता. शेजारणीला एखादी साधी चूक दाखवावी तशी ती नीवेसकडे बघत होती.

“माझ्या नवऱ्याची पावलं मला कळत नाहीत, पोरी? उगो वर आला होता. उगो खाली होता. रोज रात्री भिंतीतून माझ्याशी बोलायचा, त्याच्या आवाजात.” ती पुढे वाकली आणि आवाज उतरवून, काळजीने म्हणाली, “मग तिकडे फोनवर आहे तो कोण? त्याच्या पोरींना सांगितलंत का कुणी?”

तुल्लिओने बायकोचा कोट उचलला. जिन्यात उतरताना दोघंही भिंतीच्या बाजूने चालले, कठड्याला कुणी हात लावला नाही. मिलानच्या कंपनीला त्याने त्याच आठवड्यात फोन करून सांगितलं की हे काम आपल्याच्याने होणार नाही, दुसरा माणूस बघा. त्यांनी कारण विचारलं. डोळे दुखतात, तो म्हणाला.

मेलबर्नहून नंतर एकदा नीवेसला फोन आला होता. उगोची धाकटी मुलगी होती. वडील गेले काही दिवस संध्याकाळी दिवे लावू देत नाहीत आणि कुणीतरी जिना चढतंय म्हणतात. आमच्या घराला तर जिनाच नाही, ती म्हणाली, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?