पाचवीचं पेन

साधनानं पडवीत चप्पल काढली, पर्स टेकवायला कोपऱ्यात अंथरलेल्या खताच्या रिकाम्या पोत्याकडे वाकली, आणि पोत्यावरचं बोचकं हललं. फडक्यात गुंडाळलेलं पाच दिवसांचं मूल होतं ते. शेजारी कोंबडीची घाण पडलेली. तळेघरच्या डोंगरावरून थेट पडवीत वारं येत होतं. पोरीची पावलं हाताला गारढोण लागली.

साधना उपकेंद्राची नर्स. बारा वर्षं ती या वाड्यावस्त्यांवर बाळंतिणी तपासत फिरत होती. नाही नाही ते बघितलं होतं, पण हे नाही.

"हिला इथं कुणी ठेवलं?"

गोजरबाई, पोरीची आजी, शेणानं भरलेले हात घेऊन बाहेर आली. पाचवीच्या पूजेसाठी ती घर सारवत होती.

"शिवू नगा, शिस्टर. सकाळधरनं रगात जातंय तिला. खालनं." तिचा आवाज बारीक झाला. "पाच दिसाच्या पोरीला पाळी आली. आमच्या सात पिढ्यांत असलं झालं न्हाई."

साधनानं फडकं सोडलं. नखाएवढा तांबूस डाग. तेवढा बघून गोजरबाईनं पदर नाकाला लावला. साधनाला शिसारी आली ती त्या पदराची.

ती तिथंच मांडी घालून बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. तोंडात बोट घालून टाळू अखंड आहे का बघितली. बोटं मोजली, मांड्यांचे सांधे फिरवले, शीची जागा बघितली. कमरेखाली निळसर डाग होता, तोही निर्धोक. पोरीत व्यंग औषधालाही नव्हतं. व्यंग असेल तर या घरात आहे, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

"आजी, ही पाळी नाही. पोटात असताना आईच्या रक्तातून पोरीला जे मिळत होतं, ते जन्मल्यावर थांबतं. मग असे चार थेंब जातात. कितीतरी पोरींना होतं. दोन-तीन दिवसांत आपोआप थांबेल."

"तवर काय करू? आज पाचवी. रातच्याला सटवाई नशीब लिव्हाया येती. असल्या इटाळात काय लिव्हंल ती?"

"घराला सोयर आहेच की बारा दिवस. त्यातच धरा."

"सोयर चालतं तिला. ह्ये न्हाई चालत."

साधनानं पोरीची पावलं तळव्यात धरली. "आणि पोर गारठून गेली, तर कुणाचं नशीब लिहील तुमची सटवाई?"

उंबऱ्याशी बाळंतीण उभी होती, गोजरबाईची मुलगी सोनल. दुधानं तिचा ब्लाउज भिजला होता. गोजरबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, हात पदराला पुसले आणि नातीच्या पावलाला हळूच बोट लावलं.

"लई गार झाली वो," ती म्हणाली. तिनं पोतं गोळा करून बाकड्याखाली सारलं. "घे सोनल, पदराखाली घे."

सोनलनं पोरीला घेतलं तसं साधनाला हायसं वाटलं. उघड्या दारातून आत भिंतीशी मांडलेला पाटा दिसत होता. त्याच्यावर वरवंटा, हळदकुंकू आणि कोरा कागद.

"शिस्टर, पेन हाय का? आमचं उठंना झालंय. सटवाईला लिव्हाया नगं का?"

एवढं ऐकलं म्हातारीनं, तर पेन द्यायला काय जातंय! साधनानं पर्समध्ये हात घालून पेन ओढलं. त्याच्यासोबत गोळ्यांचं पाकीट बाहेर आलं आणि उंबऱ्याजवळच्या ओल्या सारवणावर पडलं.

गोजरबाईनं ते उचललं, पदरानं पुसलं.

"ह्या मला ठावं हायत. सोनलच्या हळदीला तुमीच दिल्या व्हत्या. पाळी फुडं ढकलायच्या." तिची नजर मऊ झाली. "घरी काय हाय?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण सुचलं नाही.

"रविवारी सत्यनारायण. ओतूरला, सासरी."

"मंग तुमाला कळतंय की!"

घरच्याच माणसाशी बोलावं तसं ती बोलली. मग तिनं बाकड्याखालचं पोतं काढलं, झटकलं आणि पडवीत पुन्हा नीट अंथरलं.

"दोनच दिस, सोनल. दे हिकडं."

मघाचे सगळे शब्द साधनाला पाठ होते. एकही तोंडातून निघेना. आता तिला स्वतःचीच किळस येत होती.

सोनलनं पोर दिली नाही. टाके ओढत होते, तरी ती भिंत धरत धरत पाट्यापर्यंत गेली, ओल्या सारवणावर बसली आणि पोरीला छातीशी लावलं.

"लिव्हू दे तिला काय लिव्हायचं ते," ती म्हणाली. "हितं बसून लिव्हू दे."

गोजरबाई पोत्याशीच उभी राहिली. मग काहीतरी करायचं म्हणून म्हातारीनं तांब्या भरून आणला, साधनापुढं ठेवला आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं.

"दुपारची ऱ्हायली असंल न्हवं? घ्या. येळ चुकली तर येती."

साधनानं तांब्या उचलला. सोनल तिच्याकडंच बघत होती.