उकळून गार केलेले पाणी

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. आरोग्य केंद्राच्या मागच्या पडवीत, मोडक्या वजनकाट्याशेजारी पडून आहे. मला मोडीत काढण्याचा कागद यायला तीन वर्षे लागली. उद्या भंगारवाला येईल, त्याआधी एवढे सांगते.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल भरले, वर सहा बुचे बसवली. नऊ वर्षांपूर्वी मी इथे आले. तेव्हा वीज रोज सहा-सहा तास जायची आणि लसींचा फ्रीज बंद पडायचा. म्हणून छपरावर सौर पॅनेल बसवले. त्याने उन्हातून वीज करायची, मी ती साठवायची आणि गरज पडली की फ्रीजला द्यायची. पहिली पाच वर्षे एकही लस वाया गेली नाही. सफाईचे काम करणाऱ्या मावशी मला "आमची कमावती सून" म्हणत.

बसवणाऱ्याने जाताना पाण्याचा एक कॅन दिला होता. "पातळी उतरली की घाला," एवढेच तो बोलला. तीन वर्षांनी कॅन संपला. त्याचा फोन लागेना. कोणते पाणी घालायचे ते माझ्या अंगावर छापलेले होते, पण ती लिपी इथे कुणालाच वाचता येत नव्हती.

इथल्या सिस्टर सगळेच उकळून घेत, कात्री आणि बाळाच्या तोंडी लागणारा चमचासुद्धा. माझे पाणीही त्यांनी वीस मिनिटे उकळले, गार केले, फडक्यातून गाळले.

"एवढे लाड डॉक्टरांच्या चहाचे नाही करत तुम्ही," मावशी म्हणाल्या.

"डॉक्टर एक दिवस नसले तरी चालतं, मावशी. ही नसली तर फ्रीज बंद."

त्या पाण्यातले क्षार माझ्या पट्ट्यांना लागत गेले. बाहेरून ते दिसत नव्हते; उलट मी लवकर भरू लागले, कारण माझ्यात फारसे मावतच नव्हते. दुपारी बाराच्या आत मी भरल्याचा हिरवा दिवा लागे आणि सिस्टर समाधानाने माझ्यावरची धूळ पुसत.

सहाव्या वर्षी आभाळ भरून आले असताना वीज सलग दोन दिवस गेली. मी चार तासही टिकले नाही. लसीकरणाच्या सकाळी फ्रीजमधला पारा एकोणीस अंशांवर होता; लसींना आठच्या आत लागतो. सिस्टरनी सगळ्या कुप्या बाद केल्या आणि बाहेर रांगेत बसलेल्या आयांना परत पाठवले.

"दोन तास चालत आलेय, ताई," नऊ महिन्यांच्या मुलीची आई म्हणाली. "एखादी तरी द्या."

"खराब लस कशी देऊ गं? पुढच्या आठवड्यात ये."

नवी लस यायला तीन आठवडे लागले. ती आई त्याआधीच आली. मुलीला गोवर झाला होता. पोर वाचली, पण डोळे गेले. सिस्टरनी तिच्यासमोर टॉर्च इकडून तिकडे फिरवला, पुन्हा फिरवला, मग बंद केला.

नंतर मिस्त्री आला. त्याने माझे बूच उघडून विचारले, "पाणी कुठलं घालता?"

"उकळून गार केलेलं. वीस मिनिटं."

त्याने बूच परत लावले. "सिस्टर, उकळून जंतू मरतात. क्षार जात नाहीत. हिला क्षार काढलेलं, डिस्टिल्ड वॉटर लागतं. लिहिलंय की इथे, सगळ्याच बॅटऱ्यांवर असतं."

"आम्हाला वाचता येईल असं लिहायचं होतं ना मग," मावशी म्हणाल्या. नव्या बॅटरीवर सिस्टरनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला आहे: 'याच कॅनमधले पाणी. उकळलेले नाही.'

मित्रांनो, माझे लाड कमी झाले नाहीत. ऊनही एरवी रोज येत होते; फक्त योग्य पाणी मिळाले नाही. यंत्र देणाऱ्यांनो, ते जपायचे कसे हेही समजेल अशा भाषेत सांगून जा. आणि घेणाऱ्यांनो, माहीत नसेल तर विचारत राहा, एक फोन लागला नाही तर दुसरा लावा.

ती मुलगी आता चार वर्षांची होईल. आई औषध घेईपर्यंत ती या पडवीत माझ्यावर बसते. ऊन सरकले की तिला अंगावर कळते, आणि ती तोंड बरोबर तिकडे फिरवते.