घासून ठेवलेली बाटली

नर्स ह्यांची लघवी मोजायला आली. बाटली मी नुकतीच ओतून, घासून पालथी घातली होती. संसारातली जुनी खोड. घाण दिसली की माझे हात थांबत नाहीत.

"अहो काकू, रात्रभरात किती झाली ते आता कसं कळायचं?"

जुलाबांनी अंग सुकून ह्यांच्या किडन्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी कालच समजावलं होतं, की वाचलेल्या पेशी एकमेकींना हाका मारतात, वाढतात आणि मेलेल्यांची जागा भरतात. काम झाल्यावर हाका थांबल्या, तर किडनी सावरते. थांबल्याच नाहीत, तर तिथे वण धरतो आणि किडनी कायमची जाते. लघवी वाढली नाही, तर आजच डायलिसिस.

"अंदाजे तरी सांग," हे कॉटवरून म्हणाले.

"नाही हो आठवत."

"माझ्या चुका बऱ्या तारीखवार आठवतात!"

मला हसू येईना. नर्सनं दुपारपर्यंतची मुदत दिली. मी हात मांडीखाली दाबून बसले.

बाराच्या सुमारास ह्यांनी बाटली मागितली. आवाज आला, थांबला, पुन्हा आला. बाटलीवरची कालच्या दिवसभराच्या मापाची रेघ ओलांडून लघवी वर चढली. माझा जीव भांड्यात पडला आणि हात सवयीनं बाटलीकडे गेला.

"थांब!" हे ओरडले.

मी थांबले. आत, काम झाल्यावर त्या पेशींना असं 'थांबा' म्हणून कोण ओरडणार होतं?